टीव्हीतले दुकान आणि आपला पगार

दुपारची जेवणे उरकली, भांडी घासून पालथी घातली, की घरातली बाई घटकाभर टीव्हीसमोर बसते. नेमकी तीच वेळ साधून टीव्हीतला दुकानदार हजर होतो. हातात कढई असते. कढईसोबत तवा, तव्यासोबत झाकणे, आणि आत्ताच्या आत्ता फोन केला तर वर एक इस्त्री फुकट. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ उलटे धावत असते. शिल्लक नगांचा आकडा भराभर उतरत असतो. खाली फोन नंबर असतो. हल्ली त्याच्या शेजारी काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा चौकोनही दिसतो. मोबाईल त्याच्यासमोर धरला की माल मागवण्याचे पान उघडते.

या दुकानाविषयी सविस्तर लिहावे असे आमच्या बरेच दिवस मनात होते. आपल्या घरांत येणारा पैसा रोजंदारीचा, कंत्राटी पगाराचा, धुण्याभांड्याच्या कामाचा, नाहीतर बचत गटातून उचललेल्या कर्जाचा असतो. श्रीमंताचे दोन हजार बुडाले तर तो हळहळतो आणि विसरतो. आपले दोन हजार बुडाले तर महिन्याचा किराणा उधारीवर जातो आणि घरात भांडण होते ते वेगळेच.

आणि एक गोष्ट आधीच बोलून टाकतो, कारण ती बोलल्याशिवाय या दुकानाची ओढ समजणार नाही. गावच्या वाण्याने आपल्या माणसाला दुकानाच्या पायरीखाली उभे करावे, सामान वरून टाकावे, पैशांवर पाणी शिंपडून मग ते उचलावेत, हे आपल्या आजी-पणजीच्या पिढीने सोसले आहे. शहरातल्या मोठ्या दुकानातही आपल्या बाईने साडीला हात लावला की 'घ्यायची आहे का?' असा प्रश्न येतो. टीव्हीतला दुकानदार मात्र 'ताई' म्हणतो, 'मॅडम' म्हणतो. तो जात विचारत नाही, कपड्यांकडे पाहत नाही, दहा साड्या उलगडून दाखवतो आणि कपाळाला आठी घालत नाही. हा आदर पैशासाठीचा आहे हे आपल्या बायांना कळत नाही असे नाही. तरीही तो बरा वाटतो. त्यांना भोळसट म्हणून हसणाऱ्या शहाण्यांनी हा इतिहास ध्यानात घ्यावा.

हे दुकान निघाले कसे?

हे दुकान प्रथम निघाले अमेरिकेत, आणि तेही टीव्हीवर नव्हे तर रेडिओवर. १९७७ साली फ्लोरिडा राज्यातील एका लहान रेडिओ केंद्राचे जाहिरातीचे पैसे एका व्यापाऱ्याकडे थकले होते. त्याच्याजवळ रोकड नव्हती. त्याने पत्र्याचे डबे उघडण्याची, विजेवर चालणारी ११२ यंत्रे देऊन हिशेब मिटवला. केंद्राचे मालक लोवेल पॅक्सन यांनी ती यंत्रे निवेदक बॉब सर्कोस्टा यांच्या हाती दिली आणि त्यांनी चालू कार्यक्रमात ती ९ डॉलर ९५ सेंटला एक या भावाने विकायला काढली. सगळी खपली. थकबाकी वसूल करता करता मालकाला नवा धंदा सापडला. १९८२ साली हे दुकान तेथील केबल टीव्हीवर आले आणि १९८५ साली 'होम शॉपिंग नेटवर्क' या नावाने देशभर दिसू लागले. पुढच्याच वर्षी 'क्यूव्हीसी' ही दुसरी वाहिनी निघाली. तीन इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांचे हे नाव. त्यांचा अर्थ दर्जा, किंमत आणि सोय. २०१७ साली या दोन्ही वाहिन्या एकाच मालकीच्या झाल्या.

प्रेक्षकाने पडद्याला उलट उत्तर द्यावे ही कल्पनाही त्याच वर्षीची. १ डिसेंबर १९७७ रोजी ओहायो राज्यातील कोलंबस शहरात 'क्यूब' नावाची केबल सेवा सुरू झाली. घरोघरी बटणांची एक पेटी दिली होती. पडद्यावर प्रश्न आला की प्रेक्षकाने बटण दाबायचे आणि उत्तर केबलमधून परत केंद्रात जायचे. ती सेवा १९८४ साली बंद पडली, पण आज आपल्या मोबाईलवर जे चालते त्याचे मूळ तेथे आहे.

या वाहिन्यांवरचा निवेदक वाटतो तसा मनाला येईल ते बोलत नसतो. त्याच्या कानात यंत्र असते. कोणत्या वाक्यानंतर मागणी वाढली, कोणत्या वाक्यानंतर थंडावली, हे आकडे आतल्या खोलीत क्षणोक्षणी दिसत असतात आणि त्याला कानात सांगितले जातात. 'मुलांच्या डब्यासाठी' म्हटल्यावर फोन वाढले की तो पुढची पाच मिनिटे मुलांच्या डब्यावरच बोलतो. म्हणजे आपल्याला वाटते आपण त्याला पाहतो. खरे तर तोच आपल्याला चाचपत असतो.

आठवड्याच्या बाजारात आपण काय करतो? भांड्याला टिचकी मारून आवाज ऐकतो, चादर उजेडाला धरून पाहतो, तूरडाळीचा दाणा दाताखाली घालतो, शिवाय शेजारच्या पालावरचा भाव विचारून येतो. टीव्हीच्या दुकानात यातले काहीच करता येत नाही. हात, नाक, दात सगळे बाजूला राहतात. उरतात डोळे आणि कान. ते दोन्ही विकणाऱ्याच्या ताब्यात असतात.

आपल्याकडे

आपल्या देशात हा प्रकार आला तो नव्वदच्या दशकात, उपग्रह वाहिन्यांच्या पाठोपाठ. पोट कमी करणारे पट्टे, भाजी चिरणारी यंत्रे, परदेशी माणसे आणि त्यांच्या तोंडी चिकटवलेली हिंदी भाषा हे अनेकांना आठवत असेल. २००८ साली चोवीस तास फक्त विक्री करणारी 'होमशॉप१८' वाहिनी सुरू झाली. मग आणखी आल्या, काही गेल्या.

पण पडद्याला उत्तर देऊन पैसे घालवण्याची सवय आपल्याला लागली ती मालामुळे नव्हे, एसएमएसमुळे. २००७ साली 'कौन बनेगा करोडपती'च्या तिसऱ्या पर्वात घरबसल्या प्रेक्षकांसाठी 'हर सीट हॉट सीट' ही स्पर्धा होती. प्रश्नाचे उत्तर एसएमएसने पाठवायचे, भागाला एक विजेता, त्याला २ लाख रुपये. एका एसएमएसला २ रुपये ४० पैसे. प्रवेश फुकट आहे असे प्रेक्षकाला वाटावे अशी मांडणी होती, अशी तक्रार ग्राहकांच्या एका संस्थेने केली. राष्ट्रीय ग्राहक आयोगापुढे आलेला हिशेब असा: सुमारे ५ कोटी ८० लाख एसएमएस, त्यांचे १३ कोटी ९२ लाख रुपये, आणि ५२ भागांत वाटलेली बक्षिसे १ कोटी ४ लाखांची. आयोगाने २००८ साली वाहिनी आणि मोबाईल कंपनी यांना १ कोटी रुपयांची दंडात्मक भरपाई लावली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र २०१९ साली हा निकाल रद्द केला. बक्षिसाचा पैसा एसएमएसच्या वाढीव दरातूनच दिला गेला याचा पुरावा पुढे आलेला नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. कायद्याच्या दृष्टीने विषय तेथे संपला. वाचकांनी तो गुणाकार मात्र स्वतः एकदा करून पाहावा. दोन-अडीच रुपये कोणाच्याच खिशाला जाणवत नाहीत, म्हणून तर ते इतके जमा होतात.

यंत्र, ताईत आणि उंची वाढवणारी भुकटी

टीव्हीवरून विकला जाणारा सर्वांत वाईट माल कोणता असे कोणी विचारले तर आम्ही क्षणभरही न थांबता सांगू: दैवी यंत्रे. या जाहिरातीचा साचा ठरलेला असतो. कर्जात बुडालेले घर, नोकरी नसलेला मुलगा, लग्न जुळत नसलेली मुलगी, आजारी म्हातारा. मग कुरियरने एक डबी येते. डबीत पितळेचा पत्रा किंवा माळ असते. तिसऱ्या दिवशी नोकरी, आठव्या दिवशी लग्न. मध्येच ओळखीच्या चेहऱ्याचा एखादा नट येऊन आपल्यालाही गुण आल्याचे सांगतो. आणि हे सारे पाहतात कोण? ज्यांच्या घरी खरोखर कर्ज आहे, खरोखर बेकार मुलगा आहे, ते.

औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर येथील एका शिक्षकाने २०१५ साली याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात याचिका केली. 'हनुमान चालिसा यंत्र' नावाच्या वस्तूच्या जाहिरातीवरून हे प्रकरण उभे राहिले. ५ जानेवारी २०२१ रोजी निकाल लागला. कोणत्याही देवाचे, बाबाचे नाव जोडून एखाद्या वस्तूत चमत्कारी किंवा अलौकिक गुण असल्याचा प्रचार करून ती विकणे हे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली बेकायदा आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. दोष फक्त माल बनवणाऱ्याचा नाही. जाहिरात दाखवणारी वाहिनीही त्यात येते. अशा जाहिरातींवर लक्ष ठेवण्यासाठी मुंबईत यंत्रणा उभारण्याचे आदेशही सरकारला दिले.

हा कायदा कसा झाला ते वाचकांना ठाऊक आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, त्यानंतर सरकारने घाईने वटहुकूम काढला आणि डिसेंबर २०१३ मध्ये कायदा संमत झाला. त्याखाली सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रार साध्या पोलीस ठाण्यात करता येते.

यापूर्वीही कायदे नव्हते असे नाही. केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांतच लिहिलेले आहे की सिद्ध करता येणार नाही असा चमत्कारी गुण वस्तूला चिकटवणारी जाहिरात दाखवू नये. १९५४ चा औषधे व जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा तर त्याहून जुना; त्यात ताईत, मंत्र, कवच ही नावे घालूनच बंदी आहे. मधुमेह बरा करतो, लठ्ठपणा घालवतो, उंची वाढवतो अशा औषधी जाहिरातींनाही त्याच कायद्याने मनाई आहे. पोलीस भरतीची तयारी करणारी आपली कितीतरी मुले दोन सेंटिमीटरसाठी असल्या भुकट्या मागवतात. त्यांच्या घरच्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्या वडीलधाऱ्यांनी घरातले गंडेदोरे आणि ताईत काढून टाकले. तेच आता चकचकीत डबीत, घरपोच, पैसे नंतर या सवलतीत परत येत आहेत. जाहिरात हिंदी असो की मराठी, नाव कोणत्याही देवाचे असो, ती दिसली की वाहिनीचे नाव, तारीख, वेळ लिहून ठेवावी आणि पडद्याचा फोटो घ्यावा. महिला मंडळांनी हे काम हाती घेतले तर फार बरे होईल.

टीव्ही आपल्याला पाहतो

आता नव्या प्रकाराकडे वळू. आपल्या वस्त्यांतही हप्त्यावर स्मार्ट टीव्ही आले आहेत. केबलऐवजी इंटरनेटवरून सिनेमे, मालिका, क्रिकेट पाहिले जाते. या टीव्हीला आपण काय पाहतो ते ओळखता येते. पडद्यावरच्या चित्राचे बारीक नमुने घेऊन तो ते कंपनीच्या यंत्रांशी ताडून पाहतो. मग चित्र केबलचे असो की इंटरनेटचे. अमेरिकेत व्हिझिओ या कंपनीने सुमारे १ कोटी १० लाख संचांतून अशी माहिती लोकांना नीट न सांगता गोळा केली, म्हणून २०१७ साली तिला २२ लाख डॉलर भरावे लागले. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये ही कंपनी विकत घेतली ती कोणी? वॉलमार्ट या किराणा आणि कपडे विकणाऱ्या जगातल्या सर्वांत मोठ्या दुकानदाराने. घरात कोण काय पाहते हे कळले की त्याला काय विकायचे हे ठरवता येते, आणि जाहिरात पाहून त्याने ते घेतले की नाही हे दुकानाच्या हिशेबातून पडताळता येते.

आपल्याकडे ॲमेझॉनच्या प्राइम व्हिडिओवर १७ जून २०२५ पासून चित्रपट-मालिकांच्या मध्ये जाहिराती सुरू झाल्या. त्या नको असतील तर जादा पैसे. येथेही दुकानदार आणि करमणूक दाखवणारा एकच आहे. यूट्यूबने ऑक्टोबर २०२४ मध्ये फ्लिपकार्ट आणि मिंत्रा यांच्याशी जोडून आपल्या देशात खरेदीची सोय आणली. व्हिडिओत बाई स्वयंपाक करते, तिच्या हातातल्या मिक्सरची खूण पडद्यावर येते, आपण तेथून तो घेतला तर तिला दलाली मिळते. दलाली घेणे हा गुन्हा नाही. पण ती आपल्याला मैत्रीण म्हणून सांगते आहे की विक्रेती म्हणून, हे पाहणाऱ्याला कळले पाहिजे. पैसे किंवा फुकट माल घेऊन शिफारस करत असाल तर तसे ठळक सांगा, अशी सूचना केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये दिली आहे.

याबाबतीत चीन सर्वांच्या पुढे. तेथे २०१६ साली 'ताओबाओ लाइव्ह' सुरू झाले. मोबाईलसमोर बसून थेट प्रक्षेपणात माल विकायचा आणि गिऱ्हाइकांच्या प्रश्नांना तिथल्या तिथे उत्तरे द्यायची. यातला सर्वांत गाजलेला विक्रेता ली जियाची हा पूर्वी नानचांग शहरात सौंदर्यप्रसाधनांच्या काउंटरवर नोकरीला होता. म्हणजे कष्टकऱ्यांतलाच. सप्टेंबर २०२३ मध्ये तो ७९ युआनची, म्हणजे साधारण नऊशे रुपयांची, भुवया रेखायची पेन्सिल विकत होता. एका प्रेक्षक बाईने ती महाग झाल्याचे लिहिले. त्यावर तो उखडला: इतक्या वर्षांत पगार वाढला का, नीट मेहनत केली का, हे स्वतःला विचारा, अशा अर्थाचे बोलला. देशभर संताप उसळला. ज्यांच्या पैशावर तो मोठा झाला त्यांनाच तो आळशी म्हणत होता. शेवटी त्याला रडत माफी मागावी लागली. तेथलीच दुसरी प्रसिद्ध विक्रेती विया हिला करचुकवेगिरीबद्दल डिसेंबर २०२१ मध्ये सुमारे १३४ कोटी युआन भरण्याचा हुकूम झाला. 'तुमचीच ताई' म्हणून पडद्यावर बोलणाऱ्यांची मिळकत कुठवर जाते याचा त्यावरून अंदाज यावा.

हे माध्यम मुळातच वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. चीनमध्ये शेतकरी बागेत उभे राहून फळे विकतात. आपल्या बचत गटाच्या बाया मसाला कांडताना, पापड लाटताना मोबाईल लावून बसल्या तर मधला दलाल टळेल. अपंग आणि म्हातारी माणसे, दिवसभर पाळीत अडकलेल्या बाया यांना घरपोच मालाची सोय मोठी आहे. आमचे भांडण खोट्या घड्याळाशी आहे. 'फक्त दोनच उरले' असे खोटे सांगून घाई करणे, बिलात न मागितलेली वस्तू गुपचूप घुसडणे अशा तेरा प्रकारच्या फसव्या युक्त्यांवर केंद्राने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी बंदी घातली आहे. त्यात पहिलीच युक्ती आहे ती खोटी घाई.

फसवणूक झाली तर

तक्रारी ऐकल्या तर त्यांचा साचा बहुधा एकच. मागवला मोबाईल, आला बंद पडलेला जुना फोन किंवा साबणाची वडी. माल आणणारा मुलगा म्हणतो, आधी पैसे, मग खोके. त्या मुलावर राग काढू नये. तोही आपल्याच वस्तीतला, नगावर मजुरी मिळवणारा असतो, आणि खोके उघडू देणे बहुधा त्याच्या हाती नसते. पैसे दिल्यावर त्याच्यासमोरच, दुसऱ्या कोणाला मोबाईलवर चित्रण करायला सांगून, खोके उघडावे. चिठ्ठीवरचा पत्ता आणि क्रमांक चित्रात दिसू द्यावा. आणि पैसे परत देतो म्हणून कोणी चौकोन पाठवला किंवा पिन टाकायला सांगितला तर फोन ठेवून द्यावा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.

२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. ग्राहक कोण हे सांगताना या कायद्यात 'टेलिशॉपिंग' हा शब्द स्पष्ट घातलेला आहे, तेव्हा टीव्हीवरून घेतले म्हणून हक्क गेला असे कोणी सांगितल्यास ऐकू नये. इंटरनेटवरून विकणाऱ्याने तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव जाहीर करायचे असते, ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्याभरात ती मिटवायची असते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला केंद्रीय प्राधिकरण १० लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. जाहिरातीत येणाऱ्या नटनट्यांनाही तो लागू आहे, शिवाय त्यांना वर्षभर, पुढच्या खेपेस तीन वर्षांपर्यंत जाहिराती करण्यास बंदी होऊ शकते.

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा. मराठीतही बोलता येते. तेथे समझोत्याचा प्रयत्न होतो, निवाडा होत नाही. तेवढ्याने काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. कंपनी दिल्लीची असो वा आणखी कुठली, आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. मालाची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील लागत नाही. अर्ज मराठीत चालतो, मुदत दोन वर्षांची. सोबत बिल, पैसे दिल्याचा पुरावा, जाहिरातीचा फोटो आणि केलेल्या फोनच्या तारखा जोडाव्यात. खोके मात्र तोवर रद्दीत घालू नये. विकणाऱ्याचा खरा पत्ता पुष्कळदा त्याच्यावरच छापलेला असतो.